रेंज गेली तर घरच्यांनी काय समजायचं?

झोपण्यापूर्वी मुलीने पाठवलेलं लाइव्ह लोकेशन तुम्ही पहाटे साडेचारला उघडता आणि तिचा ठिपका तीन तास हायवेवर एकाच जागी थांबलेला दिसतो. तुम्ही काय कराल?

माझ्या आईने आधी फोन लावला. नंबर नेटवर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला, तेच. मग तिने बाबांना उठवलं आणि कराडच्या घरातले सगळे दिवे लावले. दिवे का लावले, हे तिला आजही सांगता येत नाही.

गेल्या वर्षी मी गौरी-गणपतीसाठी बंगळुरूहून रात्रीच्या बसने घरी निघाले होते. हावेरीच्या अलीकडे रात्री पावणेदोनला बस बंद पडली. अपघात वगैरे काही नव्हता, इंजिनात बिघाड झाला होता आणि मेकॅनिक यायला वेळ लागला. मी गाढ झोपेत होते. साडेतीनला जाग आली तर बस उभी आणि फोनवर 'नो सर्व्हिस'. माझ्याच कंपनीचं सिम असलेल्या आणखी दोघांचंही तेच रडगाणं. पलीकडच्या सीटवरचा मुलगा मात्र निवांत रील्स बघत होता, कारण त्याची कंपनी वेगळी होती. त्याच्याकडे फोन मागावा असं मनात आलं. पण रात्रीची वेळ, अनोळखी मुलगा, आणि आई-बाबा तर झोपलेलेच असतील. येईल थोड्या वेळात रेंज, असं म्हणून मी पुन्हा डोळे मिटले.

ती चूक मला महागात पडली. रेंज नसते तेव्हा फोन स्वस्थ बसत नाही. तो सतत टॉवर शोधत राहतो आणि त्यात बॅटरी झपाट्याने उतरते. पहाटे पाचला बस सुटली तेव्हा फोन बंद पडलेला होता. सीटजवळचा चार्जिंग पॉइंट नावापुरताच. एका काकूंनी पॉवर बँक दिली, तर तिची पिन वेगळी निघाली. बेळगावला बस थांबली तेव्हा एकदाचा धीर करून एकांकडून फोन मागून घेतला, आणि हातात फोन घेऊन तशीच उभी राहिले. बाबांचा नंबर मला पाठ नव्हता. आईचाही नाही. आठवेल तसा एक नंबर लावला, तो कुणा भलत्याच गृहस्थांना लागला. शेवटचे दोन आकडे उलटसुलट झाले असावेत. मला पाठ असलेला एकच नंबर होता, लहानपणी शाळेच्या डायरीत लिहिलेला घरच्या लँडलाइनचा. ती लँडलाइन आम्ही कधीच काढून टाकली आहे.

इकडे बाबा सहा वाजल्यापासून कराडच्या कोल्हापूर नाक्यावर उभे होते. त्यांना मधुमेह आहे. साडेसातपर्यंत मुलीला घेऊन घरी येऊ आणि मग नाश्ता करू, या हिशेबाने त्यांनी सकाळची गोळी घेतली होती. बस आली नाही. ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात कुणी फोन उचलेना. जागा सोडली आणि तेवढ्यात बस आली तर, म्हणून ते जागचे हलले नाहीत. साडेआठच्या सुमाराला त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. नाक्यावरच्या चहावाल्या दादांनी ते बघितलं, 'काका, आधी बसा बघू' म्हणत बाकावर बसवलं, साखर जास्त घातलेला चहा पाजला आणि बिस्किटाचा पुडा हातात दिला. मी पावणेअकराला उतरले तेव्हा बाबा त्याच बाकावर होते. मी दिसल्यावर ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, 'फोन का नाही केलास?'

नेटवर्क जाणं ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला, हैदराबादला की पुण्यात, महिन्यातून एखादा तास तरी जातोच. बहुतेक वेळा त्याने काहीच बिघडत नाही. बिघडतं ते त्या शांततेचा अर्थ काय लावायचा हे घरात कुणी ठरवलेलं नसतं, तेव्हा.

गेलंय ते नेमकं काय?

'नेट नाही' या दोन शब्दांत आपण तीन वेगवेगळी दुखणी कोंबतो. पहिलं, रेंजच नाही. फोनवर एकही काडी दिसत नाही, कॉलही लागत नाही. दुसरं, काड्या पूर्ण दिसतात, कॉल लागतो, पण इंटरनेट चालत नाही. तिसरं, फोन आणि नेट दोन्ही ठणठणीत आहेत, पण समोरचं ॲप किंवा बँकेचा सर्व्हर झोपलाय. ऑक्टोबर 2021 मध्ये व्हॉट्सअप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम एकाच वेळी सुमारे सहा तास बंद पडले होते. त्या रात्री कितीतरी घरांत लोक फोन बंद-चालू करत बसले होते. साधा कॉल मात्र व्यवस्थित लागत होता.

म्हणून आधी एक कॉल लावून बघा. लागला तर तुमचा संपर्क तुटलेला नाही, फक्त व्हॉट्सअप तुटलंय. कॉल लागत नसेल तर एसएमएस करा. त्याला फार थोडी जागा लागते, त्यामुळे गर्दीत कॉल जात नाही तिथेही तो बऱ्याचदा पोहोचतो. आषाढीला पंढरपुरात गेलेल्यांना हा अनुभव असेल. एका गावात लाखो फोन एकदम येतात, टॉवर तेवढेच असतात, मग काड्या पूर्ण दिसूनही आवाज जात नाही. अशा वेळी 'सुखरूप आहे, 6 वाजता मठात भेटू' एवढा एसएमएस पुरतो.

रेंजच नसेल तर विमान मोड एकदा चालू करून बंद करा, म्हणजे फोन नव्याने टॉवर शोधतो. शेजाऱ्याचं सिम दुसऱ्या कंपनीचं असेल आणि ते चालत असेल, तर दोष तुमच्या फोनचा नसून कंपनीचा आहे हे कळतं. घरात ब्रॉडबँड असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये वाय-फाय कॉलिंग आजच चालू करून ठेवा. टॉवर बंद असतानाही वाय-फायवरून तुमच्या नेहमीच्या नंबरवरून कॉल होतो. मात्र वीज गेली की राउटर बंद पडतो, हे लक्षात असू द्या. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, घरी आजारी माणूस असेल तर तो घेण्यासारखा आहे.

आणि रेंज येण्याची चिन्हं दिसत नसतील तर फोनला विमान मोडवरच ठेवा, दर अर्ध्या तासाने दोन मिनिटं उघडून बघा. मी हे केलं असतं तर बेळगावला माझ्या फोनमध्ये निदान तीस टक्के चार्जिंग असतं.

टॉवर मुळात बंद का पडतो? बहुतेक वेळा कारण अगदी साधं असतं. टॉवरलाही वीज लागते. ती गेली की बॅटरी काही तास तग धरते, मग डिझेल जनरेटर. जनरेटरपर्यंत डिझेल पोहोचलं नाही की सगळं शांत. शहरात दुसरं कारण म्हणजे खोदकाम. टॉवर उभा असतो, वीज असते, पण त्याला जोडणारी जमिनीखालची फायबर केबल जेसीबीने तोडलेली असते. काही वेळा इंटरनेट सरकारी आदेशानेच बंद होतं. राजस्थानात भरती परीक्षांच्या दिवशी हे घडलेलं आहे. अशा बंदीत बहुधा फक्त मोबाइल इंटरनेट थांबतं, साधे कॉल चालू राहतात.

चिठ्ठी घेऊन माणगावला गेलेला मुलगा

एक-दोन तासांची गोष्ट वेगळी. पण आठवडाभर रेंज नसेल तर?

माझी मावशी श्रीवर्धन तालुक्यात राहते. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. विजेचे खांब आडवे झाले, नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या, टॉवर बंद पडले. लॉकडाऊनचे दिवस, त्यामुळे मुंबई-पुण्याहून कुणी उठून तिकडे जाईल अशीही सोय नव्हती. आम्ही टीव्हीवर उडणारे पत्रे बघत होतो आणि आई प्रत्येक घरात मावशीचं घर शोधत होती.

चौथ्या दिवशी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. आवाज कुणा तरुण मुलाचा. 'तुम्ही अमक्या काकूंच्या बहीण ना? सगळे बरे आहेत. पुढच्या पडवीचे पत्रे गेले, माणसाला काही झालं नाही. काका म्हणालेत पैसे पाठवू नका, इथे बँक बंद आहे.' एवढं सांगून त्याने फोन ठेवला, कारण त्याला अजून बऱ्याच घरी फोन करायचे होते. वाडीतल्या प्रत्येक घराने एका वहीच्या पानावर एक नंबर आणि एक निरोप लिहून दिला होता. तो मुलगा मोटारसायकलवरून, पडलेली झाडं चुकवत, माणगावच्या बाजूला रेंज मिळेपर्यंत गेला होता. नंतर हा त्यांचा क्रमच झाला. एक दिवसाआड कुणीतरी जायचं, निरोप द्यायचे, आलेले निरोप लिहून आणायचे. फोन चार्ज करायला एकाच्या जीपची बॅटरी होती. त्यातही नंबर लागायचा, आणि ज्यांच्या घरी बाळंतीण किंवा आजारी माणूस त्यांचा आधी.

मावशी सांगते, पान लिहायला बसल्यावर निम्म्या घरांत पंचाईत झाली. फोन बंद पडलेले, आणि मुलांचे नंबर फोनमध्ये. ज्यांच्याकडे जुनी डायरी होती, किंवा भिंतीवर कॅलेंडरच्या मागे कुणी नंबर लिहून ठेवले होते, त्यांचे निरोप पहिल्याच दिवशी गेले. एका आजींनी तर देवघरातल्या पोथीच्या पहिल्या पानावर तिन्ही मुलांचे नंबर लिहिले होते. पोथी काही हरवणार नाही, हा त्यांचा हिशेब.

मोठ्या आपत्तीत आता आणखी एक सोय होऊ शकते. सरकार मोबाइल कंपन्यांना एकमेकांचे टॉवर एकमेकांच्या ग्राहकांसाठी खुले करायला सांगतं. याला इंट्रा-सर्कल रोमिंग म्हणतात. जून 2023 मध्ये बिपरजॉय वादळ कच्छच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा गुजरातेत ते करण्यात आलं होतं. तुमच्या भागात अशी घोषणा झाली आणि फोन आपोआप दुसरं नेटवर्क पकडत नसेल, तर सेटिंगमध्ये जाऊन यादीतलं दिसेल ते नेटवर्क स्वतः निवडून बघा. एरवी, म्हणजे रोजच्या दिवशी, दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क निवडून सहसा काही उपयोग होत नाही.

एक अपवाद मात्र कायम आहे. फोनवर कंपनीच्या नावाऐवजी 'फक्त आपत्कालीन कॉल' असं दिसत असेल, तर त्याचा अर्थ जवळपास दुसऱ्या कुणाचा तरी टॉवर जिवंत आहे. तिथून 112 लागू शकतो. पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका, तिन्हींसाठी हा एकच नंबर आहे. घरातल्या ज्येष्ठांना हे मुद्दाम सांगून ठेवा. काड्या दिसत नाहीत म्हणून ते फोन बाजूला ठेवून देतात.

घरातले सगळे एकाच टोपलीत

आमच्या घरात चार फोन आहेत. दोन वर्षांपूर्वी फॅमिली प्लॅन स्वस्त पडतो म्हणून मीच हट्टाने चौघांचे नंबर एका कंपनीकडे नेले. ब्रॉडबँडही त्यांचंच. बिल एक, कटकट एक, बचतही झाली. पण त्या कंपनीची सेवा गेली की आमचं अख्खं घर एकदम मुकं होतं, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

तुमच्याही घरात असंच असेल तर सगळं मोडून टाकायची गरज नाही. घरात निदान एक सिम दुसऱ्या कंपनीचं असू द्या. शक्यतो ते दिवसभर घरी असणाऱ्या माणसाच्या फोनमध्ये घाला, कारण घराकडे येणारे फोन तिथेच येतात. आजकाल बहुतेक फोनमध्ये दोन सिम बसतात. दुसऱ्या सिमला डेटाचा महागडा रिचार्ज करायची गरज नाही. ट्रायने डिसेंबर 2024 मध्ये नियम बदलल्यापासून कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅकही द्यावे लागतात. ते ॲपमध्ये पहिल्या पानावर सहसा दिसत नाहीत, जरा खाली शोधावे लागतात. दुसरी कंपनी निवडताना जाहिरात बघू नका. तुमच्या सोसायटीच्या वॉचमनला विचारा, कोणत्या फोनला रेंज राहते ते. तो दिवसभर तिथेच असतो.

लँडलाइनबद्दल एक गैरसमज आहे. जुन्या तांब्याच्या तारेवरच्या फोनला वीज एक्स्चेंजमधून मिळायची, म्हणून अंधारातही तो वाजायचा. हल्ली ब्रॉडबँडसोबत मिळणारा लँडलाइन फायबरवर चालतो आणि घरातल्या डब्याला वीज लागते. 'आमच्याकडे लँडलाइन आहे' म्हणून निर्धास्त असाल तर एकदा मेन स्विच बंद करून बघा.

खिशातले पाचशे रुपये

26 मार्च आणि 12 एप्रिल 2025 ला देशभर यूपीआय अडखळलं, तेव्हा मी दुसऱ्या वेळी किराणा दुकानात होते. पिशवी भरलेली, मागे रांग, आणि पर्समध्ये एक वीसची नोट. दुकानदार ओळखीचे, ते म्हणाले, 'राहू दे ताई, उद्या द्या.' पण रिक्षावाला, औषधाचं दुकान, टोल नाका, सगळीकडे ओळख नसते.

घराबाहेर पडताना किती रोख जवळ ठेवावी यावर प्रत्येकाचं मत वेगळं. माझा हिशेब असा की, आत्ता जिथे आहे तिथून रिक्षाने घरी पोहोचता आलं पाहिजे आणि वाटेत एक औषधाची पट्टी घेता आली पाहिजे. माझ्यासाठी ते पाचशे होतात, तेही सुट्ट्यांत. फोनच्या कव्हरमध्ये घडी करून ठेवलेली नोट ही चांगली सवय आहे, पण फोनच हरवला तर नोटही गेली. पर्समध्ये वेगळी ठेवा.

रोख नसेलच तर दोन वाटा आहेत. बँकेचा सर्व्हर रेंगाळत असेल तेव्हा यूपीआय लाइट कामाला येतं. त्यात आधीच थोडे पैसे भरून ठेवायचे, 5000 रुपयांपर्यंत, आणि एका वेळी 1000 पर्यंतचं पेमेंट पिनशिवाय होतं. नेट मात्र तुमच्याकडे हवं. नेट नसेल पण रेंज असेल, तर *99# हा नंबर डायल करून, स्क्रीनवर येणाऱ्या पर्यायांतून, बँकेत नोंदवलेल्या सिमवरून पैसे पाठवता येतात. हे सगळ्या फोनवर आणि सगळ्या सिमवर सारखं सुरळीत चालतंच असं नाही. म्हणून आज घरी, निवांत वेळी, दहा रुपये आईला पाठवून बघा. गरज पडते तेव्हा शिकत बसायला वेळ नसतो. आणि रेंजच नसेल तर ओटीपीही येणार नाही, त्यामुळे डेबिट कार्ड जवळ असू द्या. एटीएममधून थोडी रक्कम काढायला सहसा कार्ड आणि पिन पुरतो.

प्रवासात तिकीट, हॉटेलचं बुकिंग, हॉस्पिटलची अपॉइंटमेंट, यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. ईमेलमध्ये आहे म्हणजे आपल्याकडे आहे असं नाही. ज्या भागात जाणार तिथला नकाशा आधीच ऑफलाइन उतरवून घ्या. आधार कार्डाची एक झेरॉक्स बॅगेत असली तर काही बिघडत नाही, कितीही जुनाट वाटलं तरी.

किती वेळ गप्प म्हणजे काळजी?

गणपतीनंतर आम्ही चौघं जेवणाच्या टेबलाशी बसलो. खरं सांगायचं तर बसवलं ते आईने. तिला माझ्याकडून फक्त एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं. 'तुझा फोन लागला नाही तर मी किती वेळ थांबायचं आणि मग कुणाला विचारायचं?'

कोकण रेल्वेने जाणाऱ्यांना हे फार आधीपासून कळलेलं आहे. रत्नागिरीजवळचा करबुडेचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. 'बोगदा आला, ठेवते' असं म्हटलं की पलीकडचा माणूस घाबरत नाही. रेंज तेवढीच जाते, पण ती जाणार हे आधी माहीत असतं. घाटरस्त्यांनाही हेच लागू आहे. ताम्हिणीत, वरंध्यात रेंज कुठे जाते हे आपल्याला ठाऊक असतं, मग त्याच्या आधी एक एसएमएस टाकायला काय हरकत आहे? 'ताम्हिणीत शिरतोय, दोन तास फोन लागणार नाही' यात सगळं आलं.

आमच्याकडे आता असं ठरलंय. रात्रीच्या प्रवासात मी झोपण्यापूर्वी बसचा नंबर, ड्रायव्हर किंवा क्लीनरचा मोबाइल आणि पोहोचण्याची वेळ एसएमएसने पाठवते, व्हॉट्सअपने नाही. पोहोचण्याच्या वेळेनंतर दोन तास कुणी काळजी करायची नाही. दोन तासांनी आई आधी क्लीनरला, मग बस कंपनीला, मग बंगळुरूच्या माझ्या रूममेटला फोन करणार. बाबा कुठेही उपाशी थांबणार नाहीत, ही अट आईने घातली. माझी अट अशी की लाइव्ह लोकेशन बंद. यावर घरात बरीच वादावादी झाली. भावाचं म्हणणं, असलेली सोय का सोडायची? माझं म्हणणं असं की ठिपका हलत असतो तेव्हा त्याचा काही उपयोग नसतो आणि थांबतो तेव्हा तो खोटं सांगतो. रेंज गेली की तो शेवटच्या जागी उभा राहतो, आणि बघणाऱ्याला वाटतं माणूसच उभा आहे. शेवटी मधला मार्ग निघाला. लोकेशन पाठवायचं, पण आईने ते पहाटे उघडायचं नाही. ती उघडते, मला माहीत आहे.

तुमच्या घरचे नियम वेगळे असतील. शाळेत जाणारं मूल असेल तर त्याच्या दप्तरात आई-वडिलांचा आणि एका शेजाऱ्याचा नंबर कागदावर लिहिलेला हवा, आणि व्हॅन आली नाही तर शाळेच्या गेटच्या आतच थांबायचं, हे त्याला पाठ हवं. आई-वडील गावी एकटे असतील तर त्यांच्या शेजारच्या दोन घरांचे नंबर तुमच्याकडे हवेत, आणि ते वेगवेगळ्या कंपन्यांचे असले तर उत्तम. घरून काम करत असाल तर ऑफिसात एका सहकाऱ्याचा नंबर तरी पाठ करा. मॅनेजरला 'नेट गेलंय' हे कळवायलाही नेटच लागतं, हा विनोद मी दोनदा स्वतःवर घडवून घेतलाय.

नंबर पाठ करणं सुरुवातीला जड जातं. मी दोनच केले, आईचा आणि भावाचा. रोज फोन लावताना नावावर बोट ठेवण्याऐवजी आठवडाभर आकडे दाबले, बस्स.

कंपनीलाही विचारा

नेटवर्क गेलं की आपण चरफडतो, आलं की विसरतो. तसं करू नका, कारण काही हक्क आता नियमात आहेत. ट्रायच्या 2024 च्या सेवा-गुणवत्ता नियमांनुसार जिल्ह्यात सेवा 4 तासांपेक्षा जास्त बंद राहिली तर कंपनीने ते 24 तासांच्या आत ट्रायला कळवायचं असतं. सेवा 24 तासांहून अधिक बंद राहिली तर पोस्टपेड ग्राहकांना भाड्यात तेवढ्या दिवसांची सूट आणि प्रीपेड ग्राहकांना तेवढी मुदत वाढवून द्यायची असते. नैसर्गिक आपत्तीमुळे बंद पडलं असेल तर मात्र हे लागू होत नाही. आपल्या भागात कंपनीचं नेटवर्क कुठे आहे, याचा नकाशाही कंपनीने आपल्या संकेतस्थळावर द्यायचा आहे. सिम बदलण्याआधी तो जरूर बघा.

तक्रार 198 वर करा आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. उत्तर समाधानकारक नसेल तर त्याच कंपनीच्या अपिलीय प्राधिकरणाकडे अपील करता येतं, त्यासाठी हाच क्रमांक लागतो. मी केलेल्या तक्रारीला 'तुमच्या भागात सेवा सुरळीत आहे' असं उत्तर आलं. हावेरीचा हायवे हा माझा भाग नाही, हे खरंच आहे म्हणा.

परवा दिवाळीला पुन्हा त्याच मार्गाने गेले. हुबळी सोडताना एसएमएस टाकला. बस चाळीस मिनिटं उशिरा पोहोचली. बाबा नाक्यावर बाकावर बसून पोहे खात होते आणि चहावाले दादा मला म्हणाले, 'या ताई, आज वेळेत आलात की.' घरी गेल्यावर बघितलं, फ्रिजवर आईने नंबरांचा कागद चिकटवलाय. माझा, भावाचा, मावशीचा, डॉक्टरांचा, शेजारच्या कुलकर्णी काकूंचा. अगदी खाली बाबांच्या अक्षरात आणखी एक नंबर होता आणि त्याच्यापुढे लिहिलं होतं, 'नाका, चहा'.